काखेत अनारसा

इंजिनाचा ताप नेमका कुठं मोजतात हे अख्ख्या पाटोदा तालुक्यात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक म्हाळू मिस्त्री, दुसरे बजरंग सर! हे अर्थात बजरंग सरांचंच म्हणणं. म्हाळूचं नाव आधी घेण्याइतका मनाचा मोठेपणा त्यांच्याकडे होता. मात्र साडूचं नाव निघालं की हा मोठेपणा पार आटून जायचा, आणि ही गोष्ट साडूचीच आहे.

सर पाटोद्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आठवीला 'उष्णता' हा धडा त्यांनी एकोणीस वर्षं पुस्तक न उघडता शिकवला होता. त्यामुळं एप्रिलात मांजरसुंब्याच्या घाटात गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघू लागली तेव्हा ते तसूभरही घाबरले नाहीत. गाडी तिसऱ्या मालकाकडून घेतलेली, पांढऱ्याची पिवळी झालेली. पण तापमानाचा काटा शाबूत होता आणि तो चक्क 'थंड' दाखवत होता!

"अहो, वाफ निघतीय की!" शेजारी बसलेली त्यांची बायको संगीता ओरडली.

"वाफ नुसती दिसते. काटा मोजतो! विज्ञान कशावर चालतं? मोजण्यावर!"

विज्ञान आणखी दोन किलोमीटर चाललं आणि मग धडधड करून बंद पडलं.

इंजिन निवल्यावर सरांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि खोटं बोलणारं ते थर्मामीटर शोधायला लागले. रेडिएटर चाचपला, बॅटरी हलवून पाहिली, तेलाची कांडी दोनदा ओढली, दोनदा पुसली, दोनदा परत घातली. ताप मोजणारं म्हणावं असं काही सापडेना.

"काखंत बघा की!" बाभळीच्या सावलीतून संगीता म्हणाली.

हा टोमणा होता. पण ट्रॅक्टरला बांधून गाडी पाटोद्याला म्हाळू मिस्त्रीच्या दारात आली, तेव्हा म्हाळू मान डोलावून म्हणाला, "वैनी बरोबर बोलल्या सर. हिलाबी काख असती."

त्यानं सरांचा हातच धरून आत नेला. "ह्यो रेडिएटरचा वरचा जाड पाइप. ह्याला धरून जायचं. इंजिनात जिथं शिरतो तिथं ही काख. अन् हितं ही पितळी बोंडी दिसती का? ह्यो सेन्सर. ह्याचं बूड कूलंटमदी, म्हंजी गार करायच्या पाण्यात, बुडालेलं असतं. ताप मोजायचा अन् ह्या दोन वायरींतून गाडीच्या कॉम्प्युटरला सांगायचा, येवढंच ह्याचं काम."

"मग हा थंड का दाखवत होता?"

"कूलंट गळून गेलतं. ह्यो पडला कोरडा. पाण्यात बुडाला तरच खरं बोलतो ह्यो. कोरडा पडला की इंजिन जळू द्या न्हाई तर फुटू द्या, ह्यो म्हणतो, मला काय न्हाई, मी थंड हाय!"

सरांनी वायरीच्या टोकाला बोट लावलं. "आणि हे निघालं तर?"

"हा कपलर? ह्यो काढला की कॉम्प्युटर परेशान! ताप किती हाय ते कळंना झालं की त्यो भितो. पंखा फुल सोडतो, एसी बंद करतो, पुढं पिवळी लाईट लावतो. घाबरायचं न्हाई. कपलर परत दाबला की गाडी गप."

सरांनी हे सगळं मनात नीट लिहून ठेवलं. त्या वेळी त्यांच्या डोक्यात कुठलंही पाप नव्हतं. पाप मे महिन्यात आलं.

झालं असं की, सरांची सासुरवाडी लिंबागणेशहून सात-आठ किलोमीटर आत. सासरे बद्रीनाथ, सासूबाई सत्यभामा. या घरात पंधरा वर्षं एकच वाक्य राज्य करत होतं: 'बजरंगरावांना इचारा!' बोअरची मोटार जळाली, बजरंगरावांना इचारा. मोबाइल बंद पडला, बजरंगरावांना इचारा. शेळी चारा खाईना, बजरंगरावांना इचारा! शेळीचं सरांना काय कळणार? पण ते सांगायचे, आणि शेळी खायची. लहानपणापासून सरांना बाकी कुणी फारसं काही विचारलेलं नव्हतं, त्यामुळं या वाक्यावर त्यांचा फार जीव होता.

मग दोन वर्षांपूर्वी संगीताच्या धाकट्या बहिणीचं, बबिताचं लग्न झालं आणि प्रविण आला.

प्रविण उंच होता. कंपनीत साहेब होता. हसून बोलायचा, वाकून नमस्कार करायचा, सरांना 'दादा' म्हणायचा. त्याच्यात दोष काढायला कुठं जागाच नव्हती, आणि सरांच्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष होता. गेल्या दिवाळीत बद्रीनाथांचा मोबाइल अडकला. सर हात पुढं करून समोरच बसलेले. आणि बद्रीनाथ आत तोंड करून म्हणाले, "बबे, प्रविणरावांना इचार गं जरा!"

सरांनी पुढं केलेला हात मागं घ्यायचा म्हणून उगाच डोकं खाजवलं. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. संगीतानं विचारलं, "काऊन जागे हाव अजून?" तर म्हणाले, "मला काय झालंय? मी मजेत आहे!"

म्हाळूनं ऐकलं असतं तर म्हणाला असता, कोरडा पडला.

अशात अधिक महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणारा. लेकी-जावयांना बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, दिव्यासकट तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. सत्यभामाबाईंची आणखी एक रीत होती. अनारसे तळायला घेतले की पहिला देवापुढं आणि दुसरा थोरल्या जावयाच्या हातात. बाकीचे डब्यात, वाणाची वेळ होईपर्यंत डब्याला कुणी हात लावायचा नाही. पाच अधिक महिने तो दुसरा अनारसा सरांनीच खाल्ला होता. पण हा प्रविणचा पहिला अधिक. नव्या जावयाचं कौतुक जास्त! यंदा तो अनारसा कुणाच्या हातात पडणार, या विचारानं सरांनी आठ दिवस जेवण अर्धं केलं.

ठरल्या दिवशी अकराच्या उन्हात सरांची गाडी सासऱ्यांच्या अंगणात शिरली आणि सरांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. अंगणातल्या लिंबाखाली, जिथं पंधरा वर्षं फक्त त्यांची गाडी उभी राहत आली होती, तिथं एक नवी कोरी, सात जणांची, काळीभोर गाडी उभी होती! तिच्या कपाळावर झेंडूचा हार. आणि आत काच लावून, एसी चालू ठेवून, खुद्द बद्रीनाथ मांडी घालून बसलेले!

काच चार बोटं खाली आली. "या बजरंगराव! गाडी तिकडं कडब्यापाशी लावा. हितं जागा न्हाई. लावली की या आत बसायला. पाय झटकून या बरं का!"

सरांनी आपली गाडी रखरखत्या उन्हात कडब्याच्या गंजीला खेटून लावली. उतरताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांचा मान असलेली बाई सवतीच्या घरी आल्यावर दिसेल तशी ती दिसत होती.

"छान गाडी आहे," सर प्रविणला म्हणाले. "मायलेज देत नसेल फारसं."

"देती की दादा, अठरा!"

"सुरुवातीला देतात."

घरात तुपाचा घमघमाट सुटला होता. सत्यभामाबाई पहाटेपासून चुलीपुढं होत्या, पोटात पाण्याचा घोट नाही, कारण दर्शनाआधी त्या खात नसत. लिंबागणेशच्या गणपतीचं दर्शन, मग जेवण, मग वाण, असा बेत होता. सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात रेंगाळले. देवापुढं एक अनारसा ठेवलेला दिसत होता. म्हणजे पहिला झाला! आता दुसरा!

"बजरंगराव, हात करा," सत्यभामाबाईंनी कढईतून काढून निथळत ठेवलेला अनारसा उचलला. सरांनी हात पुढं केला. हातात जाळीदार, गुळाच्या रंगाचा, वर खसखस चिकटलेला अनारसा पडला. सरांचे डोळे भरून यायच्या बेतात होते. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "झालाय का बघा बरं. प्रविणरावांचा पयला अधिक हाय, कच्चा न्हाई राह्यला पायजे."

झालं! डोळे तिथंच कोरडे झाले. म्हणजे हा मानाचा नव्हे, चवीचा! आपण जावई नव्हे, आचाऱ्याचे गडी! त्याला पंगत, आपल्याला परीक्षा! सरांनी दातांनी एक घास तोडला, "झालाय," असं कोरडं सांगितलं आणि उरलेला अनारसा हातात धरून तसेच बाहेर आले.

आणि समोर ती काळी गाडी उभी होती.

पाप आलं ते इथं. या गाडीला काही झालं तर? फार नाही, थोडंसंच! पंखा सुटेल, लाईट लागेल, प्रविण घाम पुसत उभा राहील. त्याला काय ठाऊक इंजिनाची काख! बद्रीनाथ म्हणतील, आता काय करायचं? आणि मग सर पुढं होतील, बॉनेट उघडतील, दोन बोटांनी कपलर दाबतील, हात झटकतील. नुकसान शून्य! हा तर प्रयोग. पोरांना वर्गात करून दाखवतात तसा.

"प्रविणराव, किल्ली द्या. सावली सरकलीय, गाडी जरा मागं घेतो."

"घ्या ना दादा!" प्रविणनं लगेच किल्ली काढून दिली. "मला ह्या लिंबात रिव्हर्स घ्यायची भीतीच वाटती. तुमच्यासारखा हात न्हाई बसला अजून."

हे ऐकून खरं तर सरांनी किल्ली परत द्यायला हवी होती. क्षणभर तसं वाटलंही. पण आता मागं फिरणं म्हणजे प्रविणचा चांगुलपणा मान्य करणं, आणि ते तर शक्यच नव्हतं! बद्रीनाथांना ओसरीवर बसवून सरांनी गाडी दोन हात मागं घेऊन बंद केली, आतला खटका ओढला आणि बॉनेट उचललं.

आत सगळंच काळ्या झाकणाखाली! इंजिन बुरख्यात! सरांनी झाकण उपसायला दोन्ही हात लावायचे ठरवले, तर एका हातात अनारसा. ठेवणार कुठं? गाडीवर ठेवला तर पुरावा, खिशात ठेवला तर चुरा. शेवटी त्यांनी तो डाव्या काखेत धरला, झाकण वर केलं आणि वरचा जाड पाइप पकडून बोटांनी पुढं सरकत गेले. पाइप इंजिनात शिरला. आणि तिथं, हुबेहूब म्हाळूनं दाखवल्याच जागी, दोन वायरींचा कपलर!

हात मात्र मागं आला. नको, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

"काय बघताय बजरंगराव?" ओसरीवरून बद्रीनाथांनी विचारलं.

"इंजिन बघतोय मामा!"

"बघा, बघा! बघून घ्या! असलं इंजिन तुमच्या गाडीला सात जल्मांत न्हाई यायचं!"

सरांनी खटका दाबला आणि कपलर ओढून काढला.

झाकण लावलं, बॉनेट धाडकन पाडलं, पँटला हात पुसले. मागं वळतात तर संगीता उभी. "काय करत व्हता?"

"हवा तपासत होतो."

"हवा टायरात असती!"

"ही वेगळी हवा," असं म्हणून सर तिच्या बाजूनं निघून गेले.

निघायची वेळ झाली. सरांची पोरं घरीच आंब्यांपाशी राहिली. पुढं प्रविण आणि बद्रीनाथ. मधल्या ओळीत तिघी मायलेकी. आणि सर?

"दादा, तुमी मागं बसता का? बबिताला मागं मळमळतं," प्रविण अगदी हात जोडून म्हणाला.

थोरला जावई कोंबडीच्या खुराड्यात शिरावा तसा सगळ्यात मागं शिरला. गुडघे हनुवटीला टेकले. पण सर मनातून खूश होते. आता बटण दाबलं जाईल, पंखा गरजेल, अंगणात शेजारीपाजारी जमतील आणि...

प्रविणनं बटण दाबलं. पंखा असा सुटला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या! घूंऽऽऽ!

बद्रीनाथ ताठ झाले. त्यांनी कानाला हात लावून ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा रं गाडी! आवाज बघा आवाज! इमानच की!"

सर हादरले. "मामा, हा आवाज बरोबर नाही! काहीतरी बिघाड आहे!"

"मागं आवाज जास्त येत असल तुमाला," बद्रीनाथ म्हणाले. "अवं, ताकद हाय ती! तुमच्या गाडीचा आवाज आमी पंधरा वर्सं ऐकला, काय म्हणलो का?"

"पुढं पिवळी लाईट लागलीय!" सर मागून मान उंच करून ओरडले.

"लागलीय खरी," प्रविण म्हणाला. "सर्व्हिसिंगची आठवण करत आसंल."

"बघा! गाडी आठवणबी करती!" बद्रीनाथ धन्य झाले.

गाडी निघाली. बिघाडाचंसुद्धा कौतुक झालेला जगातला पहिला साडू पुढं बसून गाडी चालवत होता, आणि ज्यानं एवढी मेहनत घेऊन बिघाड केला तो मागं गुडघे पोटाशी धरून बसला होता. सरांना रडावंसं वाटलं.

दोन किलोमीटर झाले आणि एसीनं गरम हवा सोडली. प्रविणनं बटणं दाबली, हवा आणखी गरम झाली. काचा खाली केल्या तर बाहेरचं ऊन आत आलं, बेचाळीस अंशांचं, वर धूळ. संगीता पदरानं वारा घ्यायला लागली. बबिता म्हणाली, "नव्या गाडीत असं कसं हो?" प्रविणची मान घामानं भिजली. सरांनी तोंडावर गंभीर भाव आणला आणि आतून थोडंसं हसून घेतलं. आत्ता विचारतील! आत्ता कुणीतरी म्हणेल, बजरंगरावांना इचारा!

तेवढ्यात सत्यभामाबाईंनी नाक वर केलं. "अनारशाचा वास कुठनं यायला?"

"साडीला आसंल," बद्रीनाथ म्हणाले.

"साडीचा न्हाई. गरम व्हायलाय अनारसा. परत तळल्यावानी."

खरंच येत होता! तूप, गूळ आणि भाजलेली खसखस. पुढच्या बाजूनं, उघड्या खिडक्यांतून, खमंग! सरांच्या डोक्यात लख्ख वीज चमकली. त्यांनी हळूच डाव्या काखेत बोटं घातली. काख रिकामी!

सरांच्या अंगाला आधीच घाम होता, त्यावर दुसरा सुटला. झाकण लावताना हात वर केला असणार! अनारसा आत इंजिनावर पडलाय, आणि त्याच्या काठावर आपल्या दातांचा ठसा आहे! आता बॉनेट उघडून चालणार नाही. आता ही गाडी अशीच चालली पाहिजे, गणपतीपर्यंत, परत घरापर्यंत, जन्मभर!

"दादा," प्रविणनं आरशातून पाहत विचारलं, "तुमाला यातलं कळतं. काय झालं आसंल?"

ज्या प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप केला तो प्रश्न आला! आणि सर म्हणाले, "काही नाही. चालू द्या. मला तर काहीच गरम वाटत नाही!"

संगीतानं वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटप गळत होता.

आणखी एक किलोमीटर. आणि मग सत्यभामाबाईंचं डोकं हळूच बबिताच्या खांद्यावर कललं. "डोळ्यापुढं अंधारी यायली गं..." पहाटेपासून चूल, उपाशी पोट, आणि वर ही भट्टी. ओठ पांढरे पडले होते.

ते मागून सरांना दिसलं. या बाईनं पंधरा वर्षांत आपल्याला कधी गार जेवण वाढलं नव्हतं, आणि आपण तिला उकडत होतो! मान गेला खड्ड्यात. सर एरवी वर्गातल्यासारखं शुद्ध बोलायचे, पण जीव खालीवर झाला की त्यांच्या तोंडून आई-बापाची बोली बाहेर पडायची.

"थांबीव बे गाडी!" ते गरजले. "थांबीव! मामीला खाली घे!"

प्रविणला उभ्या आयुष्यात कुणी 'बे' म्हटलं नसावं. त्यानं खाडकन ब्रेक लावला. लेकींनी आईला चिंचेच्या सावलीत बसवलं, तोंडावर पाणी मारलं, पदराचा वारा घातला, गुळाचा खडा चघळायला दिला. सर मधली सीट पाडून, त्यात पाय अडकवून, शेवटी डोक्याच्या बाजूनं बाहेर पडले आणि उठता उठताच ओरडले, "सेन्सरचा कपलर निघालाय! बॉनेट खोला!"

"दादा, न बघता कसं कळलं?" प्रविण थक्क झाला.

"आवाजावरनं!"

"आता बोला!" बद्रीनाथांनी मांडीवर थाप मारली. "म्हणून मी नेहमी म्हणतो, बजरंगरावांना इचारा!"

आलं! सहा महिने कान टवकारून ज्याची वाट पाहिली ते वाक्य आलं, भर रस्त्यात, साडूच्या तोंडावर! आणि सरांना ते चापटीसारखं लागलं.

त्यांनी डाव्या हातानं बॉनेट वर धरलं, उजव्या हातानं झाकण हटवलं. कपलर चाचपला, बोट भाजलं, फुंकर मारली, पुन्हा चाचपला आणि टक् आवाज येईपर्यंत दाबला. पंखा गप झाला. एसीतून गार वाऱ्याची झुळूक आली. बबितानं टाळी वाजवली.

आणि प्रविण म्हणाला, "हे काय?"

जाड पाइपाच्या शेजारी, इंजिनाच्या उबेत, एक अर्धवट खाल्लेला अनारसा खरपूस होऊन पडला होता.

सर बॉनेट धरून उभे राहिले. बॉनेटला टेकू लावायची सोय असते हे त्यांना त्या क्षणी आठवलंच नाही.

"उंदीर!" बद्रीनाथांनी निकाल दिला. "नव्या गाडीच्या वायरी खात्यात उंदरं. अनारसा घेऊन आत बसलं, खाल्ला, वर वायर ओढली!"

"थांबा, मी शोरूमवाल्यांना फोटो टाकतो," प्रविणनं मोबाइल काढला. "ती लाईट अजून गेली न्हाई. त्यांचा कॉम्प्युटर लावला की कळतं म्हणं, काय झालतं, कवा झालतं, सगळं!"

"फोटो कशाला!" सर किंचाळले. "उंदीर गरीब प्राणी आहे!"

तोवर सत्यभामाबाई बऱ्या झाल्या होत्या. त्या लेकीचा हात धरून गाडीपाशी आल्या. त्यांनी अनारसा पाहिला. मग त्यांची नजर वर सरकली, बॉनेट धरून उभ्या असलेल्या सरांच्या उचललेल्या हाताकडे. पांढऱ्या सदऱ्याच्या काखेत तुपाचा एक वाटोळा डाग होता, चांगला अनारशाएवढा. आणि डागावर खसखस चिकटलेली होती.

बाईंनी डागाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. सरांनी जमिनीकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते त्यांना आज कळलं.

"उंदीरच हाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "जुना हाय आपल्या घरचा. फोटो-बिटो काय नको प्रविणराव. चला, गणपती वाट बघायलाय."

दर्शन झालं. सरांनी देवाकडे काय मागितलं ते कुणाला कळलं नाही, पण बाकीचे पायऱ्या उतरले तरी ते हात जोडून उभेच होते. डावा हात अंगाला घट्ट चिकटवून.

दुपारी पाट मांडले, रांगोळ्या काढल्या. सत्यभामाबाई ओवाळायला आल्या आणि सरळ सरांपुढं उभ्या राहिल्या. कुंकू लावायला वाकल्या तेव्हा त्या फक्त सरांनाच ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"मी म्हणलं, झालाय का बघा. पण देवामागनं दिला कुणाला? ह्या घरात जे काय झालंय का न्हाई ते बघायचं असतं, ते आजपोत्तर कुणाला इचारलं?"

सरांनी पाटाभोवतीच्या रांगोळीवर नजर खिळवली.

"बजरंगराव, काखंत अनारसा अन् गावाला वळसा!"

सरांचे डोळे आता खरंच भरून आले. आरतीच्या धुरामुळं, असं त्यांनी नंतर संगीताला सांगितलं. ताटात धोंडा पडला, त्यावर तुपाची धार पडली, आणि पहिला घास शेजारच्या साडूच्या तोंडात सरांनी स्वतःच्या हातानं घातला. प्रविणला काही समजलं नाही, पण तो लाजून हसला. दुष्ट माणूस, दातसुद्धा सरळ होते त्याचे!

वाणाची ताटं आली. दोन जावई, दोन ताटं, दोन दिवे. संगीतानं सवयीनं नवऱ्याच्या ताटातले अनारसे मोजले, परत मोजले.

"आई, ह्यात बत्तीसच हायेत. एक कमी पडला."

"कमी न्हाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तेहतिसावा आधीच पोचलाय त्यांला."

सर खाली मान घालून एकेक अनारसा सरळ करत बसले. तेवढ्यात प्रविण हात धुऊन आला आणि भक्तिभावानं त्यांच्यासमोर मांडी घालून बसला.

"दादा, आज तुमी होता म्हणून. मला एकदा नीट शिकवा की. ते सेन्सर नेमकं असतं कुठं?"

सरांनी घसा खाकरला. विज्ञानाचे शिक्षक म्हणून सुरुवात करणार, तोच चुलीपाशी बसलेल्या सत्यभामाबाईंनी मान न वळवता उत्तर दिलं.

"काखंत!"